गुंड्याचं पोट

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा पातळ. सकाळी दार उघडलं तर अख्खी गॅलरी. गुंड्या कोपऱ्यात कान पाडून बसलेला. फिनेलने पुसून काढलं, मग आठवलं की हा फरशी चाटतो. पुन्हा साध्या पाण्याने पुसलं. ऑफिसला उशीर, साहेबांचं तोंड वाकडं.

जंताचं औषध झालं, पहिलं इंजेक्शन झालं. तरी घरात आल्यापासून पोट म्हणून धड नाही. आई म्हणते दात येताना लेकरांचं असंच होतं. दात येतायत हे मात्र खरं, माझ्या चपलेचा पट्टा गेला.

दिवसभर हिशेबाच्या कागदात डोकं नाही. घरी फोन केला तर आई उचलत नाही. पुन्हा केला, उचलला, म्हणाली गुंड्याला झोपवत होते. बरं.

५ नोव्हेंबर, बुधवार

नल्लकुंट्याच्या डॉक्टरणीकडे नेलं. ऑटोत मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गुं. पिल्लांचा तो वाईट रोग असतो ना, हगवणीने दोन दिवसांत संपतात, त्याचीच तपासणी आधी केली. बाकावर बसून निकालाची वाट बघत होते तेव्हा शेजारच्या बाईने तिच्या आधीच्या कुत्र्याचं त्याच रोगाचं मरण सविस्तर ऐकवलं. लोकांना कुठे काय बोलावं कळत नाही.

तो रोग नाही निघाला. जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरीण म्हणाली, "पेट कच्चा है इसका." आतड्याचा मूळचाच काही दोष असू शकतो, आत्ताच सांगता येत नाही. मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, थोडं थोडं. दूध नक्को, बिस्कीट नक्को, घरचं मसाल्याचं तर मुळीच नक्को. फरक पडला नाही तर रक्त तपासायचं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. जेवताना पुन्हा सांगितलं. आई म्हणाली, "कळलं गं नंदा. मी काय कुकुलं बाळ हाय?"

८ नोव्हेंबर, शनिवार

शिकवणी. मी 'बस' म्हणते, गुं. माझ्याकडे बघून शेपटी हलवतो. यादम्मा भांडी घासता घासता 'कूर्चो' म्हणाली, पठ्ठ्या टेकला. आमचा कुत्रा तेलुगू मिडियमचा निघाला. आई हसता हसता खोकायला लागली. मलाही हसू आवरेना.

वर्तमानपत्रावर जाऊन शू करणं जमायला लागलंय. उडी मारणं मात्र सुटत नाही. आईची कातडी कागदासारखी, त्याची नखं लागली की लगेच रक्त येतं. ती त्याला ओरडत नाही, उलट मलाच म्हणते, तू लहानपणी चावायचीस.

९ नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर मी घरी. सगळं मी भरवलं. संध्याकाळी शी घट्ट. आयुष्यात असल्या गोष्टीने इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दुपारी दादाचा फोन, पुण्याहून. कुत्र्याचं ऐकून चिडला. तू दिवसभर ऑफिसात, आई घरात एकटी, त्यात हे लचांड. दिवाळीला आला होता तेव्हा आईने त्याच्यासमोर दूध उतू घालवलं, आणि त्याच्या धाकट्याला थोरल्याच्या नावाने हाक मारली. तेव्हापासून त्याचं एकच, आईला पुण्याला पाठव. तिकडे वहिनी असते, लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे.

त्याला काय सांगू, की बाबा गेल्यापासून, तो आला ते चार दिवस सोडले तर, आई खाटेवरून उठत नव्हती, दोन घास खाऊन ताट सरकवत होती. स्टेशनमागच्या गल्लीतलं हे पिल्लू घरात आलं आणि आई उठून बसली. त्याला भरवायचं म्हणून स्वतः जेवायला लागली. गुं. गेला तर आई पुन्हा आडवी होईल. आई आडवी झाली की दादा येऊन घेऊन जाणार. मग या दोन खोल्यांत मी एकटीच. मला भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे, वाटते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरी आले तर गुं. दाराशी आलाच नाही. आईच्या खाटेशेजारी बसलेला. 'बस' म्हटलं, बसलेलाच होता. 'थांब' म्हटलं, थांबला. मी आत जाऊन साडी बदलून आले तरी तिथेच. म्हटलं चला, शिकला एकदाचा. आईचा चेहरा फुललेला. शहाणा झाला गं माझा बाळ.

मग उठवलं तर मागचे पाय एका बाजूला गेले. फरशी ओली असेल म्हणून हात लावून बघितला, कोरडी होती. थोड्या वेळाने आईच्या पदरावर उलटी. पिवळी, पाण्यासारखी, आणि कसलातरी उग्र वास.

रविवारी चांगला होता. सोमवारपासून पुन्हा सुरू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हा दिवसभर शांत आणि संध्याकाळी उलटी. दिवसा घरात कोण? आई आणि सकाळी दोन तास यादम्मा. यादम्मा डब्यात चारूभात आणते, चिंच आणि मिरचीचं पाणी नुसतं. तिने उरलेलं घातलं असणार. आईला विचारलं. आई म्हणाली, घालत असंल बाई, तिला लई माया त्याची.

यादम्माला विचारलं. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं, जरा तिखट आवाजात. तिने डबा माझ्यासमोर उघडून दाखवला. चारूभात अर्धा अजून तसाच. मी म्हटलं, उद्यापासून डबा घरी खाऊन येत जा. तिने भांडी जोरात आपटली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

यादम्मा आली नाही. निरोपही नाही.

आणि गुं.ला आज जास्तच. दोनदा उलटी, शी काळसर. जीभ कोरडी. कानामागे खाजवलं तर डोळे अर्धे उघडून बघतो आणि पुन्हा मिटतो.

म्हणजे यादम्मा नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी. संध्याकाळी तिच्या वस्तीत गेले, दारात उभी राहून माफी मागितली. उद्या येते म्हणाली, माझ्याकडे न बघता. येईल की नाही कोण जाणे.

मग आतड्याचाच रोग. डॉक्टरीण म्हणाली होती तसा, मूळचा. रक्त तपासायला न्यायलाच हवं, बुधवारी अर्धी सुट्टी टाकते. मन चिंती ते वैरी न चिंती. झोपेत त्याचं पोट हलतंय का ते बघत बसले. आईही बसली होती. म्हणाली, लेकरू वाळलंय, त्याला काहीतरी द्यायला पायजे. मी म्हटलं काही देऊ नकोस. बरं म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कसं लिहू. जमेल तसं लिहिते.

अर्धी सुट्टी टाकून दुपारी आले. आईला सांगितलं नव्हतं. किल्लीने दार उघडलं. आई सैपाकघरात खाली बसलेली, पुढ्यात सहाण. बाळगुटीची.

आईच्या हातची गुटी म्हणजे इकडे आलेल्या आपल्या सगळ्या मराठवाड्याच्या घरांत नाव होतं. बाळंतीण उठली की आईला बोलावणं. काचीगुडा, बरकतपुरा, कुठून कुठून. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, एकेकाचे किती वेढे उगाळायचे ते तिच्या बोटांना ठाऊक. मीही त्यावरच वाढले, दादाही.

तिने उगाळलेलं बोटावर घेतलं, गुं.चा जबडा दोन बोटांनी उघडला आणि जिभेवर चाटवलं. अगदी तशीच, बाळाला देतात तशी. तो तोंड फिरवत होता. माझ्या डोक्यात सरसर सगळं जुळलं. जायफळाने बाळं झोपतात. हा शहाणा झाला नव्हता, गुंगीत होता. मी शिकवणीचं कौतुक करत होते.

मी ओरडणार होते. ओरडले नाही, आई दचकेल म्हणून. जवळ बसले, हळू विचारलं, हे रोज देतेस? म्हणाली, रोज कुठं, पोट दुखायलंय त्याचं म्हणून आजच काढली. मी सहाण धुवून वर ठेवली, डबी बंद केली, पाणी प्यायला गेले. चेहऱ्यावर पाणी मारलं.

परत आले तर आई स्टुलावर चढून सहाण खाली काढत होती.

मी विचारलं, "आई, काय करायलीस?"

"अगं, आज त्याची गुटी राहिलीच की. बरं झालं आठवलं."

तिच्या बोटाला अजून पिवळं लागलेलं होतं.

गुं. तेवढ्यात आडवा पडला. पाय ताठ, तोंडाला फेस. टॉवेलमध्ये गुंडाळला, आईला चप्पल घातली, तिला घरी एकटी सोडायची हिंमत होईना, दोघांना घेऊन ऑटोत बसले. आई वाटभर त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, काय झालं माझ्या लेकराला. एवढंच आज.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल राहिलेलं.

सलाईन लावली. इवलासा पाय, त्याला पट्टी. डॉक्टरणीने विचारलं, "क्या खिलाए इसको? सच्ची बोलो, छुपाव नक्को." मी जायफळ म्हटलं, वेखंड म्हटलं, बाकीचंही सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली. जायफळ कुत्र्याला चढतं, वेखंडाने उलट्या होतात. इतक्या लहान जिवाला तर एक वेढाही जास्त.

"कितने बार दिए?"

आई माझ्या शेजारीच बसलेली. तिला हिंदी चांगली कळते, साठ वर्षं इथे काढलीत. मी आईकडे बघू शकले नाही. किती वेळा हे तिला माहीत नाही. मला माहीत नाही. कुणालाच नाही. आणि डॉक्टरणीला कळायला हवं होतं, नाहीतर ती औषध कसं ठरवणार. खोटं सांगितलं तर तो मरेल. खरं सांगितलं तर आई ऐकेल.

मी म्हटलं, "हिसाब नहीं है डॉक्टर. हमको याद नहीं रहता."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग मांडीवरचा पदर नीट करत बसली. तिला कळलं, माझी खात्री आहे. डॉक्टरणीलाही कळलं. ती सुई भरायला वळली.

रात्रभरासाठी गुं.ला तिथेच ठेवून घेतलं. आज सकाळी फोन केला, जिवंत आहे. उभा राहत नाही. डॉक्टरणीचे शब्द एवढेच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घरी आणला. हाडं लागतात हाताला. भाताचं पाणी चमच्याने, तेही अर्धं सांडतं. डॉक्टरीण म्हणते गुटी बंद झाली की बहुतेक सुधारेल, पण आतड्याचा मूळचा दोष नाहीच असं तिला अजून म्हणता येत नाही. पंधरवडा बघू म्हणाली. पंधरवडा.

गुटीची डबी ऑफिसच्या बॅगेत घातलीय. घरात कुठेही ठेवली तरी आई शोधून काढेल, त्या बाबतीत स्मरणशक्ती शाबूत. डब्यातल्या पोळीला वेखंडाचा वास येतो. फेकून देववत नाही. माझ्याही तोंडात तिने त्यातलंच घातलं होतं.

यादम्मा आली. गुं.ला बघून पदर तोंडाला लावला. तिला सगळं सांगितलं. दुपारपर्यंत थांबते म्हणाली, पण दुपारनंतर?

२३ नोव्हेंबर, रविवार

गुं. आज चालला. माझ्याकडे आला, यादम्माकडे गेला. आईने हाक मारली, 'ये रे बाळा', तर खाटेखाली जाऊन थेट भिंतीला चिकटला. आईने वाकून हात पुढे केला तर गुरगुरला. इतकुसा जीव, गुरगुर कसली, घशात खरखर नुसती. पण आईने ऐकलं.

"हा असा का करायलाय गं माझ्यासंगं?"

मी खाटेवर बसवून सगळं सांगितलं. हळूहळू, गुटीपासून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्या? म्या दिली?" आणि रडली. आईला मी बाबांच्या वेळीसुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. जेवली नाही. मीही नाही.

आई विसरली. पिल्लू विसरलं नाही. कुणाची बाजू घ्यायची?

२६ नोव्हेंबर, बुधवार

आईने सकाळची वंदना म्हटली. त्रिसरण, पंचशील, सगळं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी दाराशी ऐकत उभी. वाटलं, उगाच घाबरतेय मी. मग तिने विचारलं, आज चहा केलाच नाहीस का? कप तिच्या हातात होता.

गुं. खातोय. थोडा भात, थोडं चिकन. पातळ नाही, घट्टही नाही. आईच्या बाजूला गेला की भिंतीकडून सरकत जातो.

संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं तो का पळतो. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखं. तिला ते पहिल्यांदाच असतं. हे मी तिला किती वेळा करणार आहे? डोकं शांत झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "मला कळायलंय गं नंदा. मधी मधी काहीतरी गळून पडतंय. सुरेशला सांगू नको." सुरेश म्हणजे दादा.

मी म्हटलं नाही सांगत. मग आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. अजून कुणी तिला तपासलेलं नाही, पण दादा म्हणेल तेच बरोबर असेल तर? पुण्याला लिफ्ट आहे. खाली दवाखाना आहे. इथे मी दिवसभर ऑफिसात आणि स्टुलावर चढणारी आई.

उद्या मोठ्या दवाखान्यात आईचा नंबर लावते. कुत्र्याला घेऊन किती पळापळ केली मी, आणि आईला एकदाही नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाचा फोन. रविवारी सकाळी काचीगुड्याला उतरतोय. आई फोनवर अशी बोलली की ऐकत राहावं. त्याच्या शाळेतल्या मास्तरांचं नाव, कुणाची सायकल त्याने पाडली होती ते सगळं. दादा खूश. मला म्हणाला, आई तर एकदम ठणठणीत वाटते. मी हो म्हटलं.

पण घरात येईल तेव्हा? गुं. तिला बघून खाटेखाली शिरेल आणि तो विचारेल का. दादा पोलीस खात्यात असायला हवा होता, एका प्रश्नावर कधी थांबत नाही.

डॉक्टरणीला फोन करून विचारलं, पिल्लाची भीती जाते का. म्हणाली जाते, जबरदस्ती केली नाही तर. हात जमिनीवर उघडा ठेवायचा, हाक मारायची नाही, हलायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. कधी दोन दिवस लागतात, कधी महिने. कधी नाहीच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्याचा नंबर पुढच्या आठवड्यातला मिळालाय. दादाला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. दुपारभर वाक्यं जुळवली, एकही तोंडात बसेना.

संध्याकाळी आईला गॅलरीच्या दाराशी खाली बसवलं, पाठीला उशी. तळहात फरशीवर उताणा, त्यावर चिकनचा तुकडा. मी जरा लांब. गुं. खाटेखालून बघत होता. बऱ्याच वेळाने नाक बाहेर आलं, मग पुढचे पाय.

आई कुजबुजली, "हा मला का भ्यायलाय गं? म्या काय केलं त्याला?"

बुधवारी सांगितलं होतं. त्याच्या आधीही. ती माझ्याकडे बघत होती, खरंच काही माहीत नसल्यासारखी. मी म्हटलं, "काही नाही केलंस आई. लहान आहे तो. हात उघडा ठेव."

तिला पटलं. हात उघडा ठेवला.

तो वीतभर अंतरावर आला, मान लांब करून हुंगलं, मागे सरला. आता पडलाय तिथेच, हनुवटी पंजांवर, डोळे तिच्या बोटांवर. खाटेखाली गेलेला नाही. तुकडा तसाच आहे. फोन आत वाजून थांबला, दादाच असणार. आईचा हात भरून आला असेल, मागे घ्यायला तयार नाही. काळोख पडलाय, अक्षर दिसत नाही, पण दिवा लावायला उठत नाही. हलले तर तो पळेल.